हॉटेलचं बिलिंग मशीन: सोलापुरात काय टिकतं, काय नाही

बिलिंग सिस्टीमचा डेमो नेहमी दुपारी चारला होतो. हॉटेल रिकामं, इंटरनेट जोरात आणि विक्रेत्याच्या लॅपटॉपवर रंगीत आलेख. खरी परीक्षा असते रविवारी रात्री साडेनऊला. चौदाच्या चौदा टेबलं भरलेली, दारात पार्सलवाले, भटारखान्यातून ‘सात नंबरच्या भाकरी कडक का मऊ?’ अशी हाक, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. म्हणून लॉयल्टी पॉइंट, वाढदिवसाचे मेसेज, आलेख यांना इथे जागा दिलेली नाही.

बिल छापणं कुठल्याही सॉफ्टवेअरला जमतं. अवघड असते ती केओटी, म्हणजे टेबलावरची ऑर्डर भटारखान्यात पोचवणारी चिठ्ठी. बिल चुकलं तर गिऱ्हाईक समोरच असतं, दुरुस्त करता येतं. चिठ्ठी हरवली तर वीस मिनिटांनी कळतं आणि तोवर हंड्यातलं मटण संपलेलं असतं. सिस्टीम निवडताना पैसे या चिठ्ठीसाठी मोजायचे.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला जुना: काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर एकदाच पैसे भरून बसवलेलं सॉफ्टवेअर. नेट लागत नाही, वेग चांगला. पण सगळा हिशेब एका हार्ड डिस्कवर असतो, आणि ती डिस्क बसल्यावर बॅकअप कधी घेतला होता हे कुणालाच आठवत नाही. कराचा नियम बदलला की अपडेटसाठी वार्षिक देखभालीचे पैसे वेगळे.

दुसरा क्लाउडचा, वर्षाच्या वर्गणीवर. इथे एक फसगत होते. ‘क्लाउड’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. काही सिस्टीम पूर्णपणे ब्राउझरवर चालतात, नेट गेलं की पडदा पांढरा. काही कॉम्प्युटरवर बसतात, नेटशिवाय बिल काढतात आणि नेट आल्यावर माहिती वर पाठवतात. अहमदाबादची पेटपूजा या दुसऱ्या जातीची; नेट नसताना बिल आणि केओटी चालू राहतात, ऑनलाइन ऑर्डर मात्र अर्थातच येत नाहीत. रेस्ट्रोवर्क्स, म्हणजे पूर्वीची पोसिस्ट, अनेक शाखांच्या साखळीसाठी घडवलेली आहे. होटगी रोडवरच्या एकाच हॉटेलाला तिची ताकद वापरायला मिळणार नाही, खर्च मात्र होईल.

तिसरा प्रकार अँड्रॉइडचा: फोन किंवा टॅबवर ॲप, किंवा आतच दोन इंची प्रिंटर असलेलं हातातलं यंत्र. लॉयव्हर्ससारख्या ॲपची प्राथमिक आवृत्ती फुकट आहे आणि नेटशिवाय विक्री नोंदवता येते. मात्र ते जगभरासाठी बनवलेलं आहे. सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा, हे दोन कर आपणच तयार करून प्रत्येक पदार्थाला जोडायचे, अन्न परवान्याचा क्रमांक पावतीच्या तळाशी आपणच टाइप करायचा. पार्क चौकातल्या चाटच्या गाडीला एवढं पुरेसं आहे. टॅली या यादीत नाही. हिशेबनिसासाठी ती उत्तम, पण टेबल, वेटर आणि चिठ्ठी हा तिचा प्रांत नव्हे.

दहा ते वीस टेबलांच्या मटणाच्या हॉटेलसाठी माझा कौल नेटशिवाय चालणाऱ्या दुसऱ्या प्रकाराला आहे. फक्त विक्रेत्याच्या ‘हो हो, ऑफलाइन चालतंय की’ यावर जाऊ नका. डेमोतच राउटरची वायर काढा आणि पाच ऑर्डरी टाका. वेटरच्या हातात फोन देणार असाल तर तिथूनही टाका, कारण पुष्कळदा काउंटर ऑफलाइन चालतो आणि वेटरचं ॲप मात्र थेट इंटरनेटवरून काउंटरशी बोलत असतं. ॲप दुकानातल्याच वायफायवरून काउंटरला जोडलं जात असेल तर नेट गेलं तरी ऑर्डर जाते.

मग भटारखान्यातला प्रिंटर बंद करा, एक चिठ्ठी सोडा आणि दोन मिनिटांनी प्रिंटर चालू करा. चिठ्ठी एकदाच छापली गेली तर उत्तम. दोनदा आली तर दोन थाळ्या बनतील. आलीच नाही आणि काउंटरवर लाल खूणही दिसली नाही, तर ती सिस्टीम तिथेच सोडून द्या; बाकी काही बघू नका. पुढे, केओटी गेल्यावर एक पदार्थ रद्द करा. ‘रद्द’ अशी चिठ्ठी आत छापली गेली पाहिजे, मालकाचा पिन विचारला गेला पाहिजे, आणि कारणासह ती नोंद दिवसाच्या अहवालात राहिली पाहिजे. गल्ल्यातली गळती बहुतेक या वाटेने होते: चिठ्ठी गेली, जेवण झालं, रोख घेतली, मग पदार्थ गुपचूप रद्द. बिलाची दुसरी प्रत काढल्यावर तिच्यावर ‘डुप्लिकेट’ छापलं जातं का, तेही बघा.

बिल फोडण्याची चाचणी सोलापुरात टाळता येत नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी फेरी करणारी गाडी थांबते, चाळीस माणसं एकदम बसतात आणि उठताना सात कुटुंबं सात बिलं मागतात. पदार्थानुसार फोड करायला काउंटरवरच्या पोराला किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजा. टेबल बदलणं आणि दोन टेबलं जोडणंही त्याच्याकडूनच करून घ्या, विक्रेत्याकडून नको.

आता प्रिंटर, ज्यावर सगळ्यात कमी विचार होतो आणि सगळ्यात जास्त तक्रारी येतात. काउंटरला तीन इंची, म्हणजे ८० मिमीचा थर्मल घ्यावा. दोन इंचीवर साधारण ३२ अक्षरं बसतात, तीन इंचीवर ४८. ‘स्पेशल मटण थाळी’, नग, दर आणि रक्कम एका ओळीत यायला हवेत तर ४८ लागतातच. ५० मीटरच्या रोलमध्ये २० सेंटिमीटरची सुमारे २५० बिलं निघतात. वर पाच सेंटिमीटरचा लोगो टाकला की तीच २०० होतात, म्हणजे दर पाचवा रोल लोगोच्या नावे.

भटारखान्यात प्रिंटर लॅनचा, म्हणजे वायरने राउटरला जोडणारा असावा, यूएसबी किंवा ब्लूटूथचा नको. वीस फुटांवर आणि मधे भिंत असली की ब्लूटूथ कधी तुटेल सांगता येत नाही. आणि लॅनच्या प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख सांगणारा क्रमांक, पक्का करून घ्या. लाइट जाऊन आली की राउटर सगळ्यांना नवे पत्ते वाटतो, प्रिंटरचा पत्ता बदलतो, आणि काउंटर जुन्याच पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवत बसतो. ‘सकाळपर्यंत चालत होतं, आता प्रिंटच येईना’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

थर्मल कागदाला शाई नसते, तो उष्णतेने काळा होतो. मे महिन्यात इथे बाहेरच पारा चाळिशीच्या वर. त्यात चिठ्ठी भट्टीशेजारच्या तारेला लटकवली तर अक्षरांसह सगळा कागद काळा. प्रिंटर भट्टीपासून लांब, वाढपाच्या खिडकीजवळ ठेवा. जागाच नसेल तर रिबनचा डॉट मॅट्रिक्स घ्या, एप्सनच्या टीएम-यू२२० सारखा. आवाज करतो, हळू चालतो, पण साध्या कागदावर छापतो आणि त्याचा कटकटाट आचाऱ्याला ऐकू जातो, हा फायदाच. काउंटर, राउटर आणि दोन्ही प्रिंटर यूपीएसवर हवेत. लोक कॉम्प्युटरला यूपीएस देतात आणि राउटर विसरतात.

चिठ्ठीची भाषा हा इथला खास प्रश्न. आत काम करणाऱ्यांत कुणी मराठी वाचतो, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. साध्या थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचात देवनागरी नसते, त्यामुळे ‘शेंगा भाजी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. सॉफ्टवेअरने मजकुराचं चित्र करून पाठवलं तरच मराठी नीट उमटतं, मात्र छपाई थोडी मंदावते. डेमोत ‘शेंगा’ छापून समाधान मानू नका. ‘ज्वारीची कडक भाकरी’ आणि ‘सुक्कं मटण’ छापून जोडाक्षरं तुटतात का पाहा. नाहीच जमलं तर पदार्थांना मोठ्या आकड्यांचे क्रमांक द्या आणि यादी भिंतीवर चिकटवा. एका दृष्टीने हाच उपाय बरा, आकडा सगळ्यांना वाचता येतो.

कराच्या बाबतीत एक आकडेमोड स्वतः करा. २६० रुपयांच्या चार थाळ्या, १०४० रुपये. दहा टक्के सूट दिल्यावर ९३६. त्यावर अडीच-अडीच टक्क्यांनी २३.४० आणि २३.४०, एकूण ९८२.८०, पूर्णांकात ९८३. सिस्टीमने कर १०४० वर लावून ५२ रुपये दाखवले तर सूट चुकीच्या जागी बसली आहे आणि दर बिलामागे ५.२० रुपये जादा कर गिऱ्हाइकाकडून जातोय. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांत असाल तर बिलावर कर दाखवायचाच नाही. ‘टॅक्स इन्व्हॉइस’ऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ हवं आणि गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही हे वाक्य वर हवं. झोमॅटो-स्विगीवरच्या ऑर्डरीचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून त्या कंपन्याच भरतात. ती विक्री अहवालात वेगळी निघाली नाही, तर हिशेबनीस नकळत तोच कर तुमच्याकडूनही भरून टाकतो. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांक बिलावर लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावणारी सेटिंग बंद ठेवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार तसा लावता येत नाही. परमिट रूम असेल तर दारूवर जीएसटी नसून व्हॅट असतो, तिची बिलं वेगळी निघायला हवीत. हिवाळ्यात हुरडा पार्टीचे ॲडव्हान्स घेणाऱ्यांनी आगाऊ रकमेची पावती सिस्टीममधून निघते का, हे विचारावं.

क्यूआरबद्दल थोडक्यात. बिलावर रक्कम आधीच घातलेला क्यूआर छापून मिळाला की ३१० च्या जागी १३० टाकण्याची चूक टळते. पण असा क्यूआर केवळ रक्कम सांगतो, पैसे आले की नाही ते सांगत नाही. पैसे जमा झाल्यावर बिल आपोआप बंद होत असेल तरच ते खरं जोडलेलं पेमेंट. नाहीतर साउंडबॉक्सकडे कान ठेवावाच लागेल, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नये.

नवी पेठेत शेंगा चटणी, चिवडा, कडक भाकरी पाकिटांत विकणाऱ्यांनी हॉटेलची सिस्टीम घेऊच नये. त्यांना वजनकाटा आणि बारकोड जोडणारं दुकानाचं सॉफ्टवेअर लागतं. हॉटेलच्याच काउंटरवर चटणीची पाकिटं ठेवत असाल, तर त्या मालाचा गट आणि कर वेगळा ठेवता येतो का ते तपासा.

करारात चार गोष्टी लिहून घ्या: दुसऱ्या वर्षाची वर्गणी किती, दुसऱ्या काउंटरचे आणि वेटर ॲपचे किती, ऑनलाइन ऑर्डर जोडण्याचे किती, आणि रविवारी रात्री फोन कोण उचलणार. खातं मालकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडावं, मॅनेजरच्या नव्हे. तो सोडून गेला की ओटीपीही जातो. सिस्टीम बदलायची झाल्यास प्रत्येक बिलाचा तपशील एक्सेलमध्ये काढता यायला हवा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि थर्मल बिलं त्याच्या कितीतरी आधी पुसट होतात.

बसवायचा मुहूर्त गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर, जानेवारीत धरू नका. गर्दी नसलेला मंगळवार-बुधवार घ्या, मेन्यू आदल्या दिवशी भरून ठेवा आणि पहिले पंधरा दिवस कार्बनची जुनी केओटी बुकं गल्ल्याखाली राहू द्या. बिलांची नवी मालिका १ एप्रिलला सुरू करता आली तर हिशेब सोपा जातो. वर्षाच्या मधेच बदलत असाल तर नव्या सिस्टीमच्या क्रमांकाआधी एखादं वेगळं अक्षर लावा, कारण एकाच आर्थिक वर्षात तोच बिल क्रमांक दोनदा येऊन चालत नाही. अक्षरं-आकडे सगळे धरून तो क्रमांक १६ चिन्हांपेक्षा लांब नको.