थ्रीएम ६२०० मास्क: ग्रॅनाइट कापणाऱ्यांनी घ्यावा का?

घ्यावाच. ओट्याचा ग्रॅनाइट कोरडा कापताना उडणारी धूळ रुमालाने थांबत नाही. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, करणारे कण डोळ्यांना दिसतही नाहीत आणि फुप्फुसात पडलेले व्रण भरून येत नाहीत. सोबत २०९१ फिल्टरची जोडी घ्या. हे पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के कण अडवतात, थिनरच्या वाफेला मात्र उपयोगाचे नाहीत.

खरी परीक्षा कडेची: मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. मापं तीन: ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. मास्क काढल्यावर नाकाशेजारी धुळीची पांढरी रेघ दिसली, तर हवा तिथूनच आत येतेय. दाढीचे खुंटही चालत नाहीत. रोज घालताना पुढच्या झडपेवर तळहात ठेवून हळूच फुंका. मास्क किंचित फुगला आणि कडेने हवा सुटली नाही, तर बसला.

झडपेतली पातळ चकती रोज पुसा. तिच्याखाली कचरा अडकला की श्वासासोबत धूळ थेट आत. फिल्टर काढून मास्क कोमट साबणपाण्यात धुवा. फिल्टरला पाणी नको, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. श्वास ओढायला जड गेला की जोडी बदला.

पण आधी ब्लेडवर पाणी सोडणारा कटर, मग मास्क. खोकला, दम सुरू झाला तर डॉक्टरांना दगड कापण्याचं काम आवर्जून सांगा. ते कळलं नाही, तर एक्स-रेवरचे डाग नुसते टीबीचे समजले जातात. सिलिकोसिसमध्ये टीबीही लवकर जडतो, म्हणून थुंकीची तपासणी आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची चाचणी) दोन्ही करून घ्या.