खासगी मेसेज पुसायचे, पण नेमके कुठून?

जुने खासगी मेसेज काढून टाकायचे ठरवणाऱ्याने सेटिंग उघडण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: आपल्याला ते आपल्या फोनमधून घालवायचे आहेत, की समोरच्याच्या फोनमधूनही? घरातला फोन चार हातांतून फिरतो आणि कोणी चाळून पाहू नये, एवढीच काळजी असेल, तर पहिले पुरते. रागाच्या भरात लिहिलेले किंवा चुकून भलत्यालाच गेलेले परत घ्यायचे असेल, तर दुसरेच हवे. बटणे शेजारी शेजारी असली तरी ही दोन कामे वेगळी आहेत, आणि प्रत्येक ॲप ती आपापल्या पद्धतीने करते.

केवळ आपल्या बाजूने पुसणे सगळीकडे सोपे आहे आणि त्याला वेळेची अट नाही. व्हॉट्सॲपमधील ‘डिलीट फॉर मी’ असो किंवा इन्स्टाग्रामवर अख्खी चॅट काढून टाकणे असो, समोरच्याच्या प्रतीला धक्का लागत नाही. इन्स्टाग्रामवर अनेकांची फसगत होते ती इथेच. यादीतून चॅट दिसेनाशी झाली की संभाषण संपले असे वाटते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या बाजूला जसेच्या तसे असते. ट्विटरचे जुने डायरेक्ट मेसेजही वर्षानुवर्षे असेच होते: आपण पुसले तरी ते पुसले जात केवळ आपल्यापुरते.

दोन्ही बाजूंनी पुसण्याच्या बाबतीत मात्र ॲपागणिक फरक पडतो. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ आणले तेव्हा मेसेज मागे घेण्यासाठी जेमतेम सात मिनिटे मिळत. पुढे ती मुदत तासाभराहून थोडी अधिक झाली आणि २०२२ पासून ती दोन दिवसांहून जास्त, म्हणजे सुमारे साठ तास आहे. त्यामुळे मागच्या दिवाळीतला मेसेज आज दोन्हीकडून काढायचा असेल, तर व्हॉट्सॲपवर तशी सोय नाही. शिवाय पुसलेल्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ राहते. नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये ही ओळ मूळ मजकुरापेक्षा जास्त कुतूहल जागवते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको. साधी टायपिंगची चूक सुधारायची असेल, तर पहिल्या पंधरा मिनिटांत मेसेज एडिट करणे अधिक शहाणपणाचे.

इन्स्टाग्रामवरील ‘अनसेंड’ या दृष्टीने उजवे आहे. त्याला अशी मुदत नाही आणि चॅटमध्ये तशी खूणही राहत नाही. अडचण आहे ती चिकाटीची, कारण एकेक मेसेज दाबून काढावा लागतो आणि तीन वर्षांचे संभाषण असे साफ करणे म्हणजे निव्वळ हमाली. या कंटाळ्याचा फायदा घेणारी, ‘सगळे मेसेज एका क्लिकमध्ये’ असे आमिष दाखवून खात्याचा पासवर्ड मागणारी बाहेरची साधने मिळतात. त्यांच्या हाती पासवर्ड देण्यापेक्षा ते जुने मेसेज राहिलेले परवडले.

टेलिग्राम या बाबतीत सर्वांच्या पुढे आहे. मार्च २०१९ पासून तेथे दोघांमधील चॅटमधला कोणताही मेसेज, कितीही जुना असला तरी, आणि तो आपला असो वा समोरच्याचा, दोन्ही बाजूंनी मागमूस न ठेवता पुसता येतो. पुसून टाकणे एवढाच निकष धरला, तर यापेक्षा सोपे काही नाही. परंतु ही सोय समोरच्यालाही तितकीच आहे. घरमालकाने अनामत रक्कम परत करण्याचे कबूल केलेला मेसेज त्याने स्वतःच दोघांच्याही फोनमधून नाहीसा केला, तर आपल्या हाती काय उरेल, याचाही विचार करावा. टेलिग्रामवरील साध्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि त्या एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता येऊ नयेत अशा कुलूपबंद, नसतात, ही बाबही निवड करताना विसरू नये. तशी सुरक्षा हवी असल्यास सीक्रेट चॅट वेगळी उघडावी लागते.

फेसबुक मेसेंजरमध्ये ‘अनसेंड’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, आणि त्यामागची कथा बोलकी आहे. आदल्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, मार्क झकरबर्ग यांनी पाठवलेले जुने मेसेज इतरांच्या इनबॉक्समधून गुपचूप नाहीसे झाल्याचे उघड झाले होते. ती सोय तोवर सामान्य वापरकर्त्याला नव्हती.

पुसण्याचे कष्टच नकोत, असे वाटणाऱ्यांसाठी आपोआप नाहीसे होणारे मेसेज आहेत. व्हॉट्सॲपवर चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस यांतून मुदत निवडता येते. ही व्यवस्था पुढच्या मेसेजसाठी आहे. आधी साचलेल्यांना ती लागू होत नाही. माझ्या मते, जिथे बोलणे मोकळे आणि रोजचे असते तिथे नव्वद दिवसांचा पर्याय पुरेसा आहे. पैशांचे व्यवहार किंवा कामाचा पत्ता ज्या चॅटमध्ये असतो, तिथे तो लावू नये.

कोणताही पर्याय निवडला तरी काही वाटा खुल्या राहतात. समोरच्याने स्क्रीनशॉट घेतलेला असतो, मेसेज पुढे पाठवलेला असतो, किंवा आयफोनवर आपण पाठवलेला फोटो त्याच्या फोटोंमध्ये जतन झालेला असतो. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती सुरू असेल, तर पुसलेल्या मेसेजचा मजकूर दिवसभर तिथे वाचता येऊ शकतो. आपल्याच बाजूचा बॅकअप तर हमखास विसरला जातो. आज ‘डिलीट फॉर मी’ केले आणि उद्या नव्या फोनवर गेल्या आठवड्याचा बॅकअप उतरवला, तर पुसलेले सगळे परत येते. म्हणून पुसून झाल्यावर लगेच नवा बॅकअप घ्यावा आणि त्यासाठी २०२१ पासून उपलब्ध असलेले एन्क्रिप्शन सुरू करावे, कारण ते आपोआप सुरू असेलच असे नाही.

सरळ खातेच बंद करण्याचा विचार असेल, तर त्याचा उपयोग मेसेजच्या बाबतीत फारसा नाही. फेसबुक खाते डिलीट करण्याची विनंती तीस दिवसांच्या आत मागे घेता येते, आणि त्यानंतर खाते गेले तरी मित्रांना पाठवलेले मेसेज त्यांच्याकडे राहतातच. भारतातील २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नोंदणीची माहितीही खाते बंद झाल्यावर १८० दिवस जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे.

धमकी, छळ किंवा फसवणुकीचे मेसेज मात्र यांपैकी कोणत्याही मार्गाने पुसू नयेत. ते डोळ्यांसमोर नकोसे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी चॅट अर्काइव्ह करावी, व्यक्तीला ब्लॉक करावे आणि त्याआधी तारीख व खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून संभाषण एक्सपोर्ट करून ठेवावे. सायबर पोलिसांकडे तक्रार करताना मूळ मेसेज फोनमध्ये असणे हे नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा वजनदार ठरते. प्रकरण आधीच तपासात किंवा न्यायालयात असेल, तर पुरावा म्हणून लागू शकणारा मेसेज तो सादर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, त्यामुळे तिथे वकिलाला विचारल्याशिवाय बोट लावू नये.