घोंगडीचा माग उत्तम, सड्यावरची रोपे अस्थानी

धनगर समाजातील तरुणांसाठी कोल्हापुरातील एका संस्थेने घेतलेले दोन दिवसांचे शिबिर मी पूर्ण वेळ पाहिले. लोकर, जमीन आणि ओवी एकत्र आणण्याचा हेतू चांगला असला, तरी तिन्हींची वीण काही जुळलेली नाही.

पहिला दिवस घोंगडीचा होता आणि शिबिराचे खरे मोल त्यातच आहे. दख्खनी मेंढीची लोकर पिंजून सूत कातणे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो उन्हात वाळवणे आणि मग खड्डामागावर बसून विणणे, ही सारी कामे मुलांनी स्वतः केली. शिकवणारे आजोबा घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजातले, ते मोजकेच बोलत. खळ पातळ झाली की सूत मागावर तुटते, हे त्यांनी आधी सांगितले नाही. ते तुटू दिले. संध्याकाळच्या बिरदेवाच्या ओव्या मात्र पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांसाठीच गायल्यासारख्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याजवळच्या एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वृक्षारोपण झाले. जिथे खडकावर मातीचा जेमतेम थर असतो आणि पावसाळ्यात गवताबरोबर सीतेची आसवे फुलतात, तिथे रोपे लावणे म्हणजे मेंढपाळाच्या चराईवरच कुंपण घालणे होय. शेतात मेंढ्या बसवून लेंडीखत देण्याची धनगरांची पिढीजात पद्धत हीच भूसंवर्धनाची मोठी शिकवण आहे, पण तिचा उल्लेखही झाला नाही.

याच दिवशी ऑस्ट्रेलियातील आदिवासी रेंजरांची चित्रफीत दाखवण्यात आली. तेथील पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून चालू असलेल्या प्रकल्पात रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच वडीलधाऱ्यांच्या ज्ञानानुसार लहान, थंड म्हणजे कमी धगीच्या आगी लावतात, त्यामुळे पुढचे भडकणारे वणवे आणि त्यांतून होणारे वायू-उत्सर्जन कमी होते, आणि या कामाचा त्यांना पगार मिळतो. परंपरा, जमीन आणि रोजगार हे तिथे एकच काम आहे. आपल्याकडे त्यांची तीन स्वतंत्र सत्रे झाली आणि रोजगाराचे सत्र भाषणातच संपले.

शुल्क माफक होते, झुणका-भाकरीची सोय चोख होती. दोन्ही दिवस मागाजवळून न हललेल्या एका मुलाने समारोपात विचारले की, पुढे विणायचे तर माग आणि सूत कुठे मिळेल. संयोजकांनी त्याच्या हाती प्रमाणपत्र दिले, आजोबा म्हणाले, “रविवारी घरी येत जा.”