१२ वर २ महिने फुकट: सात महिन्यांनंतरचा हिशोब

काल सकाळी आमचा राऊटर मेला. म्हणजे राऊटर नाही, त्याचा अ‍ॅडाप्टर, पण ते नंतर कळलं. सात महिन्यांपूर्वी ज्या ऑफरवर हे फायबर इंटरनेट घेतलं, सोसायटीत परत त्याच ऑफरचे कागद वाटतायत, म्हणून लिहूनच टाकतो.

ऑफर माहितीच असेल. १२ महिन्यांचे पैसे एकदम भरा, २ महिने फुकट, प्लॅन १०० एमबीपीएसचा पण पहिले ३ महिने २०० चा स्पीड, राऊटर फ्री. महिन्याला ७०० हा आकडा मोठ्ठा आणि शेजारी मुंगीएवढं 'अधिक जीएसटी'. भरताना कळलं, ८४०० वर १८ टक्के म्हणजे ९९१२. त्याला १४ ने भागलं की महिन्याला ७०८ पडतात! म्हणजे ते दोन फुकट महिने टॅक्सनेच खाल्ले, आपण परत ७०० च्या वर. आधीचा केबलवाला नेटचे ६५० घ्यायचा, सगळं धरून, तेही महिन्याच्या महिन्याला.

पण माझा खरा राग आहे तो राऊटरवर. पहिल्याच दिवशी लॅपटॉपला वायर लावून स्पीड टेस्ट केली, ९४. परत केली, ९३. जोडायला आलेल्या पोराला म्हटलं अरे २०० कुठंय, तर म्हणतो, "सर, लाईनला येतंय, राऊटर घेत नाही." कारण त्या फ्री राऊटरचे पोर्टच १०० चे, आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, म्हणजे गर्दीच्या बँडचं, आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावर वीस जणांची नावं दिसतात, त्यामुळे बेडरूममध्ये ३५ आले तरी डोक्यावरून पाणी. २०० पाहिजे असतील तर चांगला राऊटर १५०० जादा देऊन घ्या. म्हणजे टाकी दुपटीची बांधली आणि नळ तोच जुना ठेवला. तीन महिने रोज रात्री टेस्ट करायचो, बायको म्हणायची अहो आता झोपा, ९४ च येणारे.

आता खरं सांगायचं तर मधल्या काळात माझं मत जरा बदललं. केबलवाल्याची लाईन गुरुवारी लाईट गेली की हमखास जायची, कारण त्याचा नेटवर्क स्विचचा डबा शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात, तिथली लाईट गेली की सगळ्यांचं बंद. या फायबरला मधल्या डब्यांत वीजच लागत नाही, घरी राऊटरला छोटा यूपीएस लावला की झालं. सात महिन्यांत दोनदाच बंद पडलं, त्यातलं एकदा रस्ता खणला म्हणून. वर्क फ्रॉम होम असेल तर हे ७०८ ला महाग नाही, हे मान्य. ३३०० जीबीच्या डेटा लिमिटचंही टेन्शन घेऊ नका, आम्ही चौघं मिळून ४०० च्या वर कधी गेलो नाही.

मग कालचं. फोन केला तर म्हणे राऊटर कंपनीचाच, तुम्हाला फक्त वापरायला दिलाय, पण अ‍ॅडाप्टर वॉरंटीत नाही, ४५० आणि व्हिजिटचे २००. वस्तू त्यांची, दुरुस्ती माझी! पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो, १२ व्होल्ट १ अँपिअर, दीडशे रुपये, दुकानदाराने लावून दाखवला, लाईट लागला. येताना वडापाव खाल्ला तरी पैसे वाचले. जुना अ‍ॅडाप्टर फेकू नका मात्र, कनेक्शन सोडताना राऊटरसोबत मागतात, नाही दिला तर डिपॉझिटमधून कापतात. हो, 'फ्री' राऊटरला डिपॉझिट असतं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा कागद घेऊन आला, काका, घेऊ का? मध्येच सोडलं तर पैसे परत नाहीत आणि फुकटचे दोन महिने अगदी शेवटी, हे त्या कागदात मागच्या बाजूला आहे. मी विचारलं तुझं अ‍ॅग्रीमेंट किती महिन्यांचं?

"अकरा."