फास्टट्रॅकर २ : माळ्यावरच्या पेंटियमवर रूपक ताल लावला

गणपतीत दादाकडे डोंबिवलीला गेलेलो, माळा आवरताना आमचा जुना पेंटियम कॉम्प्युटर सापडला, विंडोज ९८ वाला, साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड अजून आत बसलेलं. मदरबोर्डचा सेल मेला होता, नवीन सीआर २०३२ टाकला, धूळ पुसली आणि पठ्ठ्या चक्क सुरू झाला. सी ड्राइव्हमध्ये फास्टट्रॅकरचं फोल्डर जसंच्या तसं, खूप भारी वाटलं. कॉलेजात रात्र रात्र याच्यासमोर काढल्यात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हे डॉसवर (विंडोजच्या आधीची सिस्टिम) चालणारं म्युझिक सॉफ्टवेअर, स्वीडनच्या ट्रायटन ग्रुपने १९९४ मध्ये काढलेलं. ३२ चॅनल. यात स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) वगैरे नाही, सगळं वरून खाली सरकणाऱ्या ओळींमध्ये, प्रत्येक ओळीत स्वर, इन्स्ट्रुमेंट नंबर, व्हॉल्यूम आणि इफेक्ट. कीबोर्डचीच पेटी होते, झेड म्हणजे पांढरी एक, एस म्हणजे काळी एक.

तेव्हा मी यात फक्त टेक्नो टाइपचं काहीतरी बनवायचो. आत्ता बसलो तेव्हा लक्षात आलं की हे तर तालासाठीच बनवल्यासारखं आहे! पॅटर्न, म्हणजे ओळींचा एक तुकडा, बाय डिफॉल्ट ६४ ओळींचा असतो, एका मात्रेला ४ ओळी धरा, १६ मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन अगदी बरोब्बर. आणि लांबी हवी ती करता येते, रूपकच्या ७ मात्रांना २८ ओळी (आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पटीतल्या मोजणीत असतात, त्यामुळे तिथे १सी दिसतं), झपतालाच्या १० मात्रांना ४०. स्पीड (एक ओळ किती वेळ टिकते तो आकडा, लहान म्हणजे जलद) १२ ठेवून ठेका लावा, मग ६ करा, सरळ दुगुन, म्हणजे दुप्पट लय मिळते, टेम्पोला हात न लावता. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ७ मात्रांसाठी टाइम सिग्नेचरशी जी झटापट करावी लागते ती इथे नाहीच.

मग दादाच्या तबल्याचे बोल मोबाईलवर रेकॉर्ड केले, तिं, ना, धिं असे एकेक कापले, २२ किलोहर्ट्झ ८ बिट मोनो (कमी जागा घेणारा साधा दर्जा) केले आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने फ्लॉपीवर टाकून तिकडे नेले. एका फ्लॉपीत साधारण मिनिटभराचा आवाज मावतो, बोलांना तेवढा पुष्कळ. प्रत्येक बोलाला वेगळं इन्स्ट्रुमेंट दिलं. कापलेल्या बोलांवर टिक टिक येत होतं ते कॉन्फिगमध्ये व्हॉल्यूम रॅम्पिंग (आवाज एकदम न बदलता हळूहळू बदलणं) ऑन केल्यावर गेलं.

पण खरी मजा पेटीच्या सॅम्पलवर (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यावर) आली. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही हे सगळ्यांना माहितीये. इथे एका ओळीत ग लिहिला, चार ओळी सोडून प लिहिला आणि प च्या पुढे ३ नंबरचा इफेक्ट लावला, खालच्या ओळींतही तोच चालू ठेवला, तर प नव्याने वाजत नाही, ग वरूनच घसरत वर जातो आणि प वर येऊन बरोब्बर थांबतो. इफेक्टचा आकडा लहान ठेवला की हळू, मोठा ठेवला की पटकन. पेटीचा आवाज आणि त्यात मींड!! दादाने तीनदा परत लावायला सांगितलं.

त्रासही सांगतो. अनडू नाहीये, त्यामुळे दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावून घ्या. साउंड कार्डचा पोर्ट, आयआरक्यू आणि डीएमए (कॉम्प्युटर कार्डशी ज्यांवरून बोलतो ते सेटिंगचे आकडे) बरोबर भरलेले असावे लागतात, माझ्याकडे २२०, ५ आणि १ होते. विंडोजच्या आतून न चालवता डॉस मोडमध्ये रीस्टार्ट करून चालवा, जास्त नीट चालतं.

जुना पीसी नसेल तर याचा हुबेहूब क्लोन आजच्या विंडोज आणि मॅकवर फुकट मिळतो, तालाची आवड असेल तर नक्की घ्या, माझ्याकडून ५ पैकी ५. रूपकची फाईल फ्लॉपीवरून घरी आणलीये, या रविवारी झपताल, दादा बोल परत वाजवून देणारे कारण धिं जरा बोथट आलाय.