सर्व काही विकणारी साखळी की मोजकेच विकणारी? छोट्या उत्पादकाने माल कोणाला द्यावा

छोट्या कारखान्याचा माल एखाद्या मोठ्या साखळीच्या खरेदी विभागाला पसंत पडतो, तेव्हा पहिल्या ऑर्डरच्या आनंदात एक प्रश्न हमखास मागे पडतो : ही साखळी कोणत्या प्रकारची आहे आणि तिचे पैसे नेमके कसे फिरतात? माझ्या बाबतीतही तसेच झाले. मी घरगुती स्वच्छतेचे ब्रश बनवतो आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही प्रकारच्या साखळ्यांना माल दिला आहे. पहिल्या प्रकारात एकाच छताखाली सर्व काही विकणारी विस्तीर्ण दुकाने येतात. दुसऱ्या प्रकारात निवडक वस्तू मोठ्या प्रमाणावर विकणारी दुकाने येतात. आज माझा बहुतांश माल दुसऱ्या प्रकाराकडे जातो. तसे का झाले ते येथे सांगतो. मार्जिन, बारकोड, पॅकिंगचे नियम आणि पुरवठादार म्हणून नोंदणी या गोष्टी वाचकाला ठाऊक असतील असे गृहीत धरून त्या वगळल्या आहेत.

दोन्ही प्रकारांतला खरा फरक दुकानाच्या आकाराचा नसून मालाच्या विविधतेचा आहे. वॉलमार्टच्या मोठ्या दुकानात एक लाखाहून अधिक प्रकारच्या वस्तू असतात, तर कॉस्टकोच्या तेवढ्याच विस्तीर्ण गोदामवजा दुकानात सुमारे चार हजार. कोणतीही मोठी साखळी पुरवठादाराकडून माल उधारीवर घेते आणि जमेल तर बिलाची मुदत भरण्याआधीच तो विकून मोकळी होते. म्हणजे दुकान काही अंशी आपल्याच पैशावर चालत असते. वस्तू मोजक्या असल्या की प्रत्येक वस्तू झपाट्याने संपते आणि बिल देण्याची वेळ येईपर्यंत साखळीच्या हातात रोकड आलेली असते. लाखभर वस्तूंच्या दुकानात मात्र हजारो वस्तू फळीवर महिनोन्‌महिने पडून राहतात. बिलाची तारीख येते तेव्हा माल विकलेला नसतो. मग पडून राहिलेल्या मालाचा भार कोणी सोसायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा पुरवठादार हेच निघते.

हा भार आपल्यापर्यंत डेबिट नोटच्या, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची सूचना देणाऱ्या कागदाच्या, रूपाने येतो. माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला तो हाच, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रकारच्या एका साखळीशी माझा व्यवहार सुरू झाला तेव्हा ठरलेला भाव चांगला होता. दुसऱ्या प्रकारच्या साखळीने पुढे जो भाव दिला त्यापेक्षा तो स्पष्टपणे जास्त होता. पहिले बिल मुदतीत मिळाले. त्यानंतरच्या हिशेबपत्रकात मात्र बिलाच्या रकमेखाली एक छोटी कपात दिसली : माल कमी आला. आमच्याकडे त्यांच्याच गोदामाच्या शिक्क्याची, पूर्ण माल मिळाल्याची पोच होती. ती पाठवली. उत्तर आले नाही आणि पुढच्या पत्रकात आणखी तीन कपाती आल्या : एक गाडी उशिरा पोहोचल्याची, एक खोक्यावरचे लेबल चुकीच्या बाजूला असल्याची आणि एक विक्री योजनेतल्या आमच्या वाट्याची. त्या योजनेला मी कधीही संमती दिलेली नव्हती. पुढे परतीच्या मालाच्या नोटा येऊ लागल्या. परत आलेले ब्रश दुकानाच्या मांडणीत हाताळून मळलेले असत आणि ते पुन्हा कोणालाही विकता येत नसत.

यातली प्रत्येक रक्कम लहान होती आणि खरी अडचण त्यातच होती. एका कपातीवर हरकत घ्यायची म्हणजे ऑर्डर, चलन, पोच आणि गाडीच्या वेळेची नोंद शोधून त्यांच्या संगणकीय खिडकीवर ठरावीक दिवसांच्या आत भरायची; त्यासाठी लागणारा वेळ कपातीच्या रकमेहून महाग पडे. ज्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलणे झाले असेल त्याची मधेच बदली होई आणि नवा अधिकारी जुन्या गोष्टी माहीत नसल्याचे सांगे. अखेर माझ्या कार्यालयातली हिशेब पाहणारी एक व्यक्ती पूर्णवेळ या नोटांमागेच अडकली. वर्षाअखेरीस हिशेब मांडला, तेव्हा जास्त भावामुळे मिळालेला फायदा कपाती आणि त्या व्यक्तीचा पगार यांत जवळजवळ पूर्ण संपला होता. त्या दिवसापासून मी साखळीचा भाव विचारण्याआधी तिचे हिशेबपत्रक कसे असते ते विचारतो.

हा केवळ माझ्याच नशिबाचा भाग नव्हता, असे मानायला जागा आहे. ब्रिटनमध्ये किराणा साखळ्या आणि पुरवठादार यांच्यातील व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी लवादाने २०१६ साली टेस्को या साखळीविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुरवठादारांचे पैसे देण्यात झालेला विलंब हा आचारसंहितेचा गंभीर भंग असल्याचे नमूद केले. त्याआधी २०१४ साली याच कंपनीने आपला नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून दाखवला गेल्याचे स्वतःच जाहीर केले होते, आणि त्याचे मूळ पुरवठादारांकडून सवलतींपोटी मिळणाऱ्या रकमा वेळेआधी हिशेबात धरण्यात होते. अमेरिकेत वॉलमार्टने २०१७ पासून वेळेवर आणि पूर्ण न पोहोचलेल्या मालावर त्याच्या किमतीच्या ३ टक्के दंड आकारण्याची पद्धत सुरू केली. त्या दंडाचे नियम आधीच लिहून दिलेले असतात आणि शिस्तबद्ध पुरवठादार त्यातून वाचू शकतो, हेही सांगायला हवे. लेखी आणि ठरलेल्या दंडाबद्दल माझी तक्रार नाही. माल देताना ज्याचा अंदाजच बांधता येत नाही अशा कपातीबद्दल आहे.

आता दुसऱ्या प्रकाराविषयी. मोजक्या वस्तू विकणाऱ्या साखळीच्या खरेदी अधिकाऱ्याशी माझी पहिली बैठक दोन दिवस चालली आणि ती अतिशय कठीण होती. ब्रशच्या तंतूंचे वजन किती, मुठीच्या साच्याचा खर्च किती नगांत वसूल होतो, खोका बदलला तर वाहतुकीत किती वाचेल, इथपर्यंत त्यांनी सगळे विचारले. भाव माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खाली आला आणि घरी परतताना मी निराश होतो. परंतु त्या भावात सर्व काही आले होते. योजना नाही, फळीच्या जागेचे भाडे नाही, न विकलेल्या मालाची परत पाठवणी नाही. पहिल्या बिलाची जी रक्कम होती तीच ठरलेल्या तारखेला बँकेत जमा झाली, दुसऱ्या बिलाचीही तशीच. या प्रकारातल्या काही साखळ्या हे धोरण म्हणून उघडपणे सांगतात. ट्रेडर जोज ही साखळी फळीवर जागा देण्यासाठी पुरवठादाराकडून पैसे घेत नसल्याचे स्वतः सांगत आली आहे. कमी भाव आणि पूर्ण पैसे या जोडीवर मला कच्च्या मालाची खरेदी सहा महिने आधी ठरवता आली, जे पूर्वी कधीही जमले नव्हते.

या प्रकाराचे धोके मी लपवणार नाही. ज्याला स्वतःचे नाव ग्राहकाच्या मनात रुजवायचे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग बहुधा योग्य नाही. आल्डीसारख्या साखळीतला बहुतेक माल तिच्या स्वतःच्या नावांनी विकला जातो, आणि माझेही ब्रश दुसऱ्याच्या नावाने विकले जातात. ते मी बनवले हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. याची खंत मला आजही वाटते. शिवाय वस्तू मोजक्या असल्यामुळे यादीतून आपली एक वस्तू वगळली गेली, तर आपल्या कारखान्याचा अर्धा दिवस रिकामा होऊ शकतो. सर्व काही विकणाऱ्या साखळीत एक रंग बंद झाला तरी दुसरे चार चालू राहतात. हंगामी माल बनवणाऱ्याला किंवा ज्याच्या मालाचे वीस-पंचवीस प्रकार आहेत त्याला तर पहिल्या प्रकाराशिवाय जागाच मिळणार नाही.

एका साखळीवर किती विसंबावे, याबाबत फ्लेमिंग या अमेरिकेतल्या घाऊक पुरवठादार कंपनीची हकिकत मला नेहमी आठवते. २००१ साली तिने केमार्ट या दुकानांच्या साखळीला किराणा माल पुरवण्याचा दहा वर्षांचा करार केला. केमार्टने साप्ताहिक देणे थकवल्यावर जानेवारी २००२ मध्ये फ्लेमिंगने पुरवठा थांबवला आणि त्याच सुमारास केमार्ट दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. त्या प्रक्रियेत पुढच्या वर्षी करार रद्द झाला आणि २००३ च्या एप्रिलमध्ये फ्लेमिंगही दिवाळखोरीत निघाली. मी माझ्यापुरता नियम केला आहे की कोणत्याही एका साखळीकडे एक तृतीयांशापेक्षा जास्त माल जाऊ द्यायचा नाही. तो पाळताना दोनदा मोठी ऑर्डर सोडावी लागली आणि दोन्ही वेळा ते जड गेले.

साखळीचे दिवस फिरतात तेव्हा काय होते, हाही निवडीचा भाग असला पाहिजे. वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिन्ही साखळ्यांची पहिली दुकाने १९६२ या एकाच वर्षी उघडली. धंद्याची पद्धत मिळतीजुळती होती, तरीही त्यांचे भाग्य इतके वेगळे निघाले. त्यामुळे अमुक प्रकारची साखळी टिकते आणि तमुक प्रकारची बुडते, असे मी म्हणणार नाही. बुडण्याची चाहूल मात्र ग्राहकाच्या कितीतरी आधी पुरवठादाराला लागते, आणि बुडणे वेगाने घडवणाराही अनेकदा पुरवठादारच असतो. खेळणी विकणाऱ्या टॉइज आर अस या साखळीवर, २००५ मध्ये ती कर्ज काढून विकत घेतली गेली तेव्हापासून, पाच अब्ज डॉलरच्या आसपासचे कर्ज होते. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीची शक्यता असल्याची बातमी फुटली आणि आठवडाभरात सुमारे ४० टक्के पुरवठादारांनी रोख पैशांशिवाय माल पाठवण्यास नकार दिला. सणाच्या हंगामाच्या तोंडावर फळ्या रिकाम्या राहण्याची वेळ आली आणि कंपनीने त्याच महिन्यात न्यायालयात दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्यानंतर न्यायालयाच्या संरक्षणामुळे पैसे सुरक्षित आहेत असे समजून ज्यांनी माल पाठवला, त्यांच्यापैकी अनेकांना २०१८ मध्ये दुकाने बंद झाल्यावर पूर्ण रक्कम मिळाली नाही. ब्रिटनमधल्या वूलवर्थ्सच्या बाबतीत २००८ साली पुरवठादारांच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी संरक्षण काढून घेतले आणि पुरवठादार आधी पैसे मागू लागले. जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिची आठशेहून अधिक दुकाने बंद झाली. तिच्याच घाऊक शाखेकडून माल घेणारी झावी ही संगीत आणि चित्रपटांच्या डिस्क विकणारी साखळीही डिसेंबर २००८ मध्ये कोसळली.

मूळ कंपनी भक्कम असली म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. टार्गेटने २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत ती १३३ पर्यंत नेली. संगणकात भरलेल्या मालाच्या माहितीत चुका होत्या, त्यामुळे गोदामे भरलेली आणि फळ्या रिकाम्या अशी स्थिती झाली. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या उपकंपनीने न्यायालयाचे संरक्षण मागितले. अमेरिकेतली मूळ कंपनी व्यवस्थित चालू होती, तरी पुरवठादारांना उपकंपनीच्या धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागले. म्हणून ऑर्डरच्या कागदावर नेमके कोणत्या कंपनीचे नाव छापले आहे ते पाहावे, आणि शक्य असल्यास मूळ कंपनीची हमी लेखी मागावी. छोट्या पुरवठादाराला ती बहुधा मिळत नाही, पण मागितल्यावर समोरच्याचे उत्तर कसे येते त्यावरून बरेच कळते.

या कसोटीवरही मला दुसरा प्रकार थोडा सोपा वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा हिशेबपत्रकात आहे. जिथे बिल आणि जमा रक्कम महिनोन्‌महिने तंतोतंत जुळतात, तिथे एका महिन्यात दहा दिवसांचा उशीर झाला तरी तो ताबडतोब डोळ्यांत भरतो आणि पुढची गाडी थांबवता येते. जिथे प्रत्येक पत्रकात आठ-दहा कपाती नेहमीच असतात, तिथे साखळी अडचणीत आल्यामुळे वाढलेल्या कपाती आणि रोजच्या कपाती यांतला फरक मला तरी ओळखता आला नाही. माझ्या बिलांतून कपाती करणाऱ्या ज्या साखळीबद्दल वर लिहिले तिने पुढे काही दुकाने बंद केली, तेव्हा ती बातमी मला वर्तमानपत्रातून कळली. तोवर माझी दोन महिन्यांची थकबाकी तिच्याकडे अडकलेली होती आणि ती मिळवायला वर्ष गेले.

हातात दोन्ही प्रस्ताव असतील, तर करारावर सही करण्याआधी त्या साखळीला माल देणाऱ्या एखाद्या जुन्या पुरवठादाराला भेटून, नावे झाकून का होईना, मागच्या वर्षातली कोणतीही तीन हिशेबपत्रके पाहायला मिळाली तर अवश्य पाहावीत. पहिल्या प्रकारातही सरळ व्यवहाराच्या साखळ्या आहेत, आणि त्यांपैकी एकीला मी आजही माल देतो : तीनच प्रकारचे ब्रश, परतीची अट खोडून केलेला करार आणि अर्धी रक्कम आगाऊ.