भट्टीसाठी दोन प्रोपेन सिलिंडर जोडणारा मॅनिफोल्ड संच : सहा भाजण्यांनंतरचे परीक्षण

मातीची भांडी भाजायच्या माझ्या गॅसच्या भट्टीला जोर मिळत नाही याचा दोष मी बराच काळ बर्नरलाच देत आले. बाराशे अंशांच्या आसपास तापमान रेंगाळू लागे, ज्योत आखडे आणि सिलिंडरकडे पाहावे तर त्याच्या खालच्या अंगावर बर्फाचा पांढरा थर चढलेला असे. मग कोमट पाण्याच्या टपात सिलिंडर ठेवून कशीबशी भाजणी पुरी करायची, हा नेहमीचा क्रम झाला होता. या खटाटोपाला कंटाळून दोन सिलिंडर एकाच वेळी जोडणारा तयार संच घेतला. त्यात दोन लवचिक जोडनळ्या, दोन्ही नळ्यांचा गॅस एकत्र आणणारा पितळी जोड म्हणजे मॅनिफोल्ड, ० ते २ बारपर्यंत दाब देणारा रेग्युलेटर, दाबाचा एक गेज, तीन मीटर नारिंगी होज आणि ज्योत विझल्यास गॅस बंद करणारा सुरक्षा व्हॉल्व्ह एवढे साहित्य येते. सुमारे ३०० लिटरच्या माझ्या भट्टीत सहा ग्लेझ भाजण्या (भांड्यांवर काचेसारखा लेप चढवणाऱ्या) काढल्यानंतर हे लिहीत आहे.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मॅनिफोल्डवरची मूठ. ती 'डावा', 'उजवा' आणि 'दोन्ही' अशा तीन जागी फिरते आणि भट्टीवाल्याने पैसे मोजायचे ते या तिसऱ्या जागेसाठी. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होण्यासाठी दर किलोमागे साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतूनच यावी लागते. माझी भट्टी ऐन भरात तासाला तीन किलोच्या आसपास गॅस ओढते. एवढी उष्णता एकट्या सिलिंडरला हवेतून मिळत नाही, म्हणून आतला द्रव थंड होत जातो आणि त्याबरोबर दाबही उतरतो. भाजणीच्या शेवटी, जेव्हा गॅसची खरी गरज असते, तेव्हा द्रवाची पातळी खाली गेलेली असल्याने उष्णता घेणारा पत्राही कमी उरलेला असतो. दोन सिलिंडरांतून निम्मा निम्मा गॅस घेतला की प्रत्येकावरचा भार अर्धा होतो.

हे पडताळण्यासाठी तिसऱ्या भाजणीत मी मुद्दाम मूठ 'डावा'वर ठेवली. सुरुवातीला सात बारवर असलेला काटा हळूहळू दोनच्या खाली आला, भट्टीकडे जाणारा दाब रेग्युलेटरला टिकवता येईना आणि पत्र्यावर बर्फ धरला. पुढच्या वेळी तेवढ्याच हवामानात 'दोन्ही'वर ठेवल्यावर काटा साडेचारच्या खाली गेला नाही आणि सिलिंडरांवर नुसते दव दिसले. म्हणूनच एक सिलिंडर संपल्यावर आपोआप दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर कोणी भट्टीसाठी सुचवला, तर जरा थांबावे. त्याची रचना एका वेळी एकाच सिलिंडरातून गॅस घेण्याची असते, आणि आपली अडचण तर नेमकी तीच आहे. गेजवरून किती गॅस उरला हे कळते, असाही एक गैरसमज आहे. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, त्यामुळे उरलेला गॅस कळायचा तर सिलिंडर वजन करूनच पाहावा लागतो.

दोन सिलिंडर एकमेकांना जोडले की एक नवा धोका उभा राहतो. एक उन्हात आणि एक सावलीत असेल, तर गरम सिलिंडरातला गॅस थंड सिलिंडरात शिरू पाहतो आणि तो थंड सिलिंडर भरण्याच्या मर्यादेपलीकडे भरू शकतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक जोडनळीत गॅस उलटा जाऊ न देणारा एकदिशा व्हॉल्व्ह आहे. मी उघड्यावर, जवळपास कुठलीही ज्योत नसताना, डावा सिलिंडर बंद करून त्याची नळी सोडवली, उजवा चालू ठेवला आणि मोकळ्या तोंडाला साबणाचा फेस लावला. क्षणभर फुस्स झाले, पण नंतरही बारीक बुडबुडे येतच राहिले. उजव्या नळीला तसे काही झाले नाही. विक्रेत्याने नळी विनातक्रार बदलून दिली, हे खरे. पण ज्या भागावर संचाची सगळी भिस्त आहे, तो कारखान्यातच तपासला जाऊ नये, हे खटकले. चालू भाजणीत रिकामा सिलिंडर बदलता येतो, असे माहितीपत्रक सांगते. मी तसे करत नाही आणि करणारही नाही. तापलेल्या भट्टीशेजारी नट सोडवण्यापेक्षा दोन पुरेसे भरलेले सिलिंडर घेऊन बसणे बरे.

माहितीपत्रकाबद्दल आणखी थोडे. त्यातल्या चित्रात प्रत्येक जोडाला पांढरी टेप गुंडाळलेली दाखवली आहे आणि ते साफ चूक आहे. सिलिंडरकडचा जोड धातूच्या शंकूवर धातू घट्ट बसून गॅस अडवतो. तिथल्या आट्यांना टेप लावली तर बैठक नीट होत नाही, वर टेपचे तुकडे पुढे जाऊन बर्नरच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रात अडकतात. गॅससाठीची टेप निमुळत्या आट्यांच्या पाइपलाच लावायची असते. हे नट उलट्या आट्यांचे आहेत, त्यांच्या कडेवर तशी खाच आहे, पण पत्रक त्याविषयी गप्प आहे. पहिल्या दिवशी मी सिलिंडर झटकन उघडला आणि भट्टीला गॅसच येईना. अर्धा तास रेग्युलेटर खोलून पाहण्यात गेला. पुढे उमगले, की गॅस एकदम धावला तर नळी तुटली असे समजून जोडातला जादा-प्रवाह व्हॉल्व्ह मार्ग बंद करतो. सिलिंडर बंद करून मिनिटभर थांबायचे आणि मग व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा, एवढाच उपाय होता.

ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा व्हॉल्व्ह मात्र उत्तम आहे. सतत तेवणाऱ्या लहान पायलट ज्योतीत थर्मोकपल या धातूच्या संवेदकाचे टोक असते, त्याच्या उष्णतेने निर्माण होणाऱ्या किंचित विजेवर व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत पेटल्यावर बटण वीसेक सेकंद दाबून धरावे लागते. थंड भट्टीत पायलट फुंकून विझवल्यावर ३८ सेकंदांत व्हॉल्व्ह बंद झाल्याचा टक् असा आवाज आला. याची खरी गरज भाजणीच्या आरंभी असते. भट्टी लाल झाल्यावर आलेला गॅस आपोआप पेटतो; पण त्याआधी ज्योत गेली तर हवेच्या दीडपट जड असलेला प्रोपेन भट्टीच्या तळाशी साचतो आणि हवेत तो दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला, तरी ठिणगीची वाट पाहत बसतो. अशा वेळी दार आणि डॅम्पर (धुराड्याची झडप) उघडून पाच मिनिटे भट्टी मोकळी करावी, मगच काडी ओढावी. यातली एक उणीव अशी की थर्मोकपल धरणारी पट्टी आखूड आहे. दिल्याप्रमाणे बसवली तर टोक बर्नरच्या तोंडाशी, तापलेल्या विटांच्या अंगाला येते आणि ज्योत गेली तरी विटांच्या धगीने ते गरमच राहते. तशा स्थितीत व्हॉल्व्ह बंद व्हायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला. मी लांब पट्टी करून टोक मागे घेतले.

होज दर्जेदार आहे, तिच्यावर एलपीजीसाठी असल्याचा शिक्का आणि निर्मितीचे साल स्पष्ट आहे. पण तीन मीटर लांबी म्हणजे सिलिंडर भट्टीच्या जवळ आणण्याचा मोहच. मी सिलिंडर भिंतीबाहेर, गटार आणि तळघराच्या वाटेपासून दूर उभे ठेवून आतपर्यंत पोलादी पाइप नेला आणि होज फक्त मॅनिफोल्डपासून पाइपापर्यंत वापरली. गेजही एकच, तोसुद्धा सिलिंडरकडचा दाब दाखवणारा. रेग्युलेटरनंतरच्या दाबाची नोंद नसेल तर मागची भाजणी पुन्हा तशीच कशी काढणार? दुसरा गेज मला पदरचा बसवावा लागला. तो बसल्यावर सगळे जोड पुन्हा साबणाने तपासले आणि सिलिंडर बंद ठेवून पंधरा मिनिटे काटा हलत नाही ना, हे पाहिले.

तासभरात उरकणाऱ्या राकूच्या (भांडी लाल असतानाच बाहेर काढण्याच्या पद्धतीच्या) लहान भट्टीला हा संच लागणार नाही, तिला एक भरलेला सिलिंडर आणि चांगला रेग्युलेटर पुरतो. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची टणक भांडी, १२५० अंशांपुढे नेणाऱ्यांनी तो घ्यावा, पण डाव्या-उजव्या दोन्ही नळ्यांचे एकदिशा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी फेस लावून पाहावेत.